इनसेट बॉर्डर म्हणजे काय? मजकुराच्या फ्रेममध्ये आतली रेघ कशी आखतात?

पेपरातली एखादी ‘जाहीर नोटीस’ नीट बघा. तिची काळी रेघ बहुतेक वेळा मिळालेल्या जागेच्या अगदी कडेवर नसते, जरा आत असते. मजकूर त्या रेघेच्याही आत असतो. कडेपासून आत घेतलेल्या या रेघेला इनसेट बॉर्डर म्हणतात. लग्नपत्रिका, प्रमाणपत्र, दिवाळी अंकातली शुभेच्छांची जाहिरात, सगळीकडे हीच रचना दिसते.

कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. इथल्या जुन्या सोसायट्यांमधल्या घरांना तर या नोटिशीची गरज कधी ना कधी पडतेच. सभासदाने नॉमिनेशन केलेले नसेल आणि त्याचे निधन झाले, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वारसांचे दावे आणि हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी सूचना फलकावर आणि किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस द्यायची असते. चौकटीतल्या जाहिरातीचे पैसे सहसा चौरस सेंटिमीटरवर मोजतात, त्यामुळे आतली बॉर्डर हा फक्त सजावटीचा विषय राहत नाही.

हिशेब करून पाहू. जागा ८ बाय १० सेंटिमीटर, म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. रेघ कडेपासून ३ मिलिमीटर आत आणि मजकूर रेघेपासून आणखी ३ मिलिमीटर आत घेतला, तर मजकुराला उरतात ६.८ बाय ८.८, म्हणजे जेमतेम ६० चौरस सेंटिमीटर. पाव जागा गेली! तेच रेघ १ आणि मजकूर पुढे २ मिलिमीटर आत ठेवला, तर साधारण ६९.५ मिळतात. नोटिशीसाठी एवढे अंतर पुरते. पत्रिकेसाठी नाही, पण ते पुढे.

आता कृती. इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. इनडिझाइनमध्ये ‘ऑब्जेक्ट’ मेनूतल्या ‘टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्स’मध्ये ‘इनसेट स्पेसिंग’ असते (कंट्रोल आणि बी दाबले तरी ही खिडकी उघडते). तिथे आकडा टाकला की मजकूर आत सरकतो, रेघ नाही. रेघ फ्रेमच्या कडेलाच चिकटलेली राहते. ‘स्ट्रोक’ पॅनेलमध्ये ती कडेच्या मध्यावर, आत किंवा बाहेर घेता येते, पण कड सोडून लांब जात नाही.

म्हणून दोन फ्रेम घ्यायच्या. पहिली ८० बाय १०० मिलिमीटरची, रेघ नसलेली. ही तुम्ही पैसे मोजलेली जागा. तिची प्रत ‘पेस्ट इन प्लेस’ने त्याच जागी ठेवा. वरच्या कंट्रोल पट्टीत संदर्भबिंदू मधला निवडा, रुंदी-उंचीची साखळी तोडा आणि मापे ७८ आणि ९८ करा. चारही बाजूंनी बरोबर १ मिलिमीटर सुटतो. रेघ या आतल्या फ्रेमला द्या, ‘स्ट्रोक’मध्ये ती आतल्या बाजूला घ्या, इनसेट २ मिलिमीटर ठेवा, मजकूर याच फ्रेममध्ये भरा आणि दोन्ही फ्रेमचा ग्रुप करा.

एकाच परिच्छेदाभोवती चौकट हवी असेल, तर २०१८ च्या आवृत्तीपासून ‘पॅराग्राफ बॉर्डर’ आहे. मजकूर वाढला की तीही वाढते. फुकट मिळणाऱ्या स्क्रायबसमध्ये मजकुराचे अंतर ‘कॉलम्स अँड टेक्स्ट डिस्टन्सेस’मध्ये मिळते, दोन फ्रेमची युक्ती तिथेही चालते. कोरलड्रॉमध्ये चौकोन काढून ‘कंटूर’ आतल्या बाजूला, एक पायरी दिली की काम झाले.

देवनागरीची अडचण मात्र वेगळी आहे. ‘जाहीर नोटीस’ या दोनच शब्दांत शिरोरेषेच्या वर तीन खुणा जातात: ‘ही’ची वेलांटी, ‘नो’ची मात्रा, ‘टी’ची वेलांटी. ‘बेसलाइन ऑप्शन्स’मध्ये पहिल्या ओळीसाठी ‘कॅप हाइट’ निवडलेले असेल, तर ती उंची रोमन मोठ्या अक्षराची असते. या खुणा त्याच्याही वर जातात आणि रेघेला भिडतात. पेपरच्या कागदावर शाई थोडी पसरते. अशा वेळी वरच्या ओळीतला अनुस्वार रेघेत मिसळला की खंडूचा खडू होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात हसण्यावारी जाईल, वारसाच्या नोटिशीत जाणार नाही. त्यामुळे ‘असेंट’ निवडा, तरीही वरचा इनसेट बाकी बाजूंपेक्षा १ मिलिमीटर जास्त ठेवा. खाली उकार आणि जोडाक्षरे लोंबतात, तिथेही नजर टाका. चारही बाजूंना सारखा आकडा टाकायची सवय रोमन मजकुराला चालून जाते, मराठीला नाही.

पत्रिकेचे गणित उलटे. तिथे कागद छापल्यावर कापतात, आणि कटिंग जरासे सरकतेच. रेघ कडेपासून २ मिलिमीटरवर असेल आणि कात्री १ मिलिमीटर हलली, तर एका बाजूला १ आणि समोर ३ उरतात. लांबूनही वाकडे दिसते. हीच रेघ ६ मिलिमीटर आत असती तर ५ आणि ७ झाले असते, सहज लक्षात येत नाही. म्हणून पत्रिकेवर रेघ किमान ५ मिलिमीटर आत घ्यावी. खिळ्यांच्या छपाईत हे अंतर शिशाच्या पट्ट्या बसवून राखत, आता आकडा टाइप करायचा एवढेच.

पीडीएफ पाठवण्याआधी एक प्रिंट काढा आणि पट्टीने मोजा. प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर सगळी मापे थोडी आक्रसतात आणि पट्टी चुकीचा आकडा दाखवते.