पिकअपचे मडफ्लॅप: काढावेत की ठेवावेत?

भाजी, भंगार, कोंबड्या, बेकरीचा माल... आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांची रोजी पिकअपवर चालते. पावसाळा तोंडावर आला की गॅरेजवर ठरलेला प्रश्न: मागचा मडफ्लॅप फाटलाय, नवा बसवू की काढूनच टाकू? आम्ही म्हणतो, ठेवा. कारण मागून येणारी दुचाकी.

चाकामागे टांगलेला रबराचा पट्टा म्हणजे मडफ्लॅप. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटला की मागे फेकला जातो, असं सगळ्यांना वाटतं. वर्गात फळ्यावर आकृती काढली की मुलं चकित होतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं तर खडा मागे जातच नाही. तो वर उडतो, तोही थोडा गाडीच्याच दिशेने. मागचा दुचाकीवाला 50 च्या वेगाने येतो आणि त्या खड्यावर जाऊन आदळतो. हेल्मेटची काच वर असली, किंवा पुढे लेकरू बसवलेलं असलं, तर काय होईल ते सांगायला नको. पावसात गढूळ पाण्याचा फवारा उठतो, त्यात मागच्याला क्षणभर काहीच दिसत नाही.

गाडीचंही भलं आहेच. ब्रेकचे पाइप, टेललाइट, नंबरप्लेट यांच्यावर चिखल आणि खडी कमी बसते.

काढणाऱ्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. मार्केटच्या ओट्याला गाडी मागे लावताना फ्लॅप टायरखाली सापडतो आणि ब्रॅकेटसकट उपटतो. काळ्या मातीच्या शेतात तर टायर आणि फ्लॅपच्या मध्ये चिखल ठासून बसतो. शेतातच खेपा असतील तर तेवढे दिवस खुशाल काढा, डांबरी रस्त्यावर येण्याआधी परत बसवा. बाकी तक्रारी बहुधा चुकीच्या मापाच्या असतात. रिकाम्या गाडीचे पाटे वर उचललेले असतात, तेव्हा माप घेतलं की माल भरल्यावर फ्लॅप जमिनीला घासतो. म्हणून माल भरून मोजा. जमिनीपासून साधारण 6 इंच पुरे. फार वर कापला तर खडा खालून निसटतो. रुंदी टायरपेक्षा कमी नको. बोल्टखाली लोखंडी पट्टी टाकली तर रबर भोकातून फाटत नाही. डिझेल वाचतं म्हणून काढत असाल, तर गावातल्या वेगाला त्याने काही फरक पडत नाही.

एक अवांतर. काहीजण फ्लॅपवर हौसेने 786 रंगवून घेतात. सगळा चिखल, शेण तिथेच उडतं, भाईजान. लिहायचंच असेल तर केबिनच्या वर लिहा.

फिटनेसला गाडी नेण्याआधी दोन्ही बाजूंचे बोल्ट हाताने हलवून पाहा. लोंबता फ्लॅप घेऊन तपासणीला जाऊ नका.