प्रस्तावना : ११ डिसेंबर, बुटीबोरीहून

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी वारस नव्हता. डलहौसीने तेवढ्यावर बोट ठेवून १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि नागपूरबरोबर आपल्या बुटीबोरीचा मुलूखही कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. याच तारखेला १८८२ मध्ये तिकडे तमिळ देशात सुब्रह्मण्य भारती जन्मले, १९१५ मध्ये नागपुरात बाळासाहेब देवरस. २०१२ मध्ये पंडित रविशंकर अमेरिकेत निवर्तले. आणि २०२२ च्या ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. त्याच दिवशी नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी झाली. त्यातली एक मार्गिका मिहानहून बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत आखलेली आहे.

या घटनांचा एकमेकींशी संबंध काय? काहीही नाही, आणि दिनविशेषाच्या अभ्यासात पाऊल ठेवणाऱ्याने हे आधीच मान्य करून टाकावे. तारीख कार्यकारणभाव सांगत नाही. ती फक्त परक्या माणसांना एका पंगतीला बसवते. मौज आहे ती पंगतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यात. मुंबईत बसून यादी करणाऱ्याला रघूजींचा मृत्यू गाळता येईल, बुटीबोरीत बसून करणाऱ्याला नाही. शाळेच्या परिपाठात रोज वाचला जाणारा दिनविशेष कोणी, कुठे बसून निवडला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी गुरुजींना जरूर विचारावा.

निवडीआधी मात्र तारीख खरी हवी, आणि खरी कसोटी इथेच लागते. शिवराज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. इंग्रजांच्या हिशेबाने तो ६ जून १६७४, कारण त्यांच्याकडे तेव्हा जुनी जूलियन कालगणना चालू होती. नवी त्यांनी १७५२ मध्ये स्वीकारली. पोर्तुगालने ती १५८२ मध्येच घेतली होती. त्यामुळे पोर्तुगीज गणनेने तोच दिवस १६ जून ठरतो. दोन्ही तारखा बरोबर. चूक होते ती कोणती गणना हे न लिहिल्याने. तिथी आणि तारखेचा मेळ घालण्याची शास्त्रशुद्ध वाट शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर १८९६ च्या इंग्रजी ग्रंथात आखून दिली. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी दीक्षित चाळावेत, मग भिंतीवरचे कॅलेंडर.

नागपूरकराला हा पेच वेगळा समजावून सांगायला नको. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीची, म्हणजे २७ सप्टेंबरची. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तीही विजयादशमीलाच, पण १९५६ मध्ये ती १४ ऑक्टोबरला आली होती. शिर्डीच्या साईबाबांचे देहावसानही दसऱ्याचेच, १५ ऑक्टोबर १९१८. तिथीने मांडणी केली तर तिन्ही घटना एका पानावर येतात, तारखेने केली तर तीन पानांवर जातात. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे. ते दरवर्षी अकराएक दिवसांनी मागे सरते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे येते. दीक्षाभूमीवर मोठी गर्दी लोटते ती विजयादशमीला, आणि १४ ऑक्टोबरही पाळला जातो. दोन्ही जपणारे हे लोक मला कोशकारांपेक्षा शहाणे वाटतात.

जन्मतारखांबाबत तर फारच सावध राहावे. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. त्या दिवशी बाळंतिणींची झुंबड उडाली होती असे नव्हे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने ती तारीख टाकली. कारखान्याच्या हजेरीपटावर ते खपून जाते, चरित्रकोशात खपता कामा नये. मृत्यूच्या तारखा त्या मानाने भरवशाच्या, कारण त्या वेळी माणूस बहुधा नावारूपाला आलेला असतो आणि चार जणांनी ती टिपून ठेवलेली असते.

तरीही स्थानिक दिनविशेष नामवंतांपाशी संपत नाही. जुन्या मध्यप्रांतातल्या गावांत कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवत असे. या कोतवाल पंजी आज लोक शोधतात त्या जातीच्या दाखल्यासाठी. त्याच पानांवर तारखेपुढे कोणाला मुलगा झाला, कोणाची मुलगी गेली हे लिहिलेले असते. साथीच्या वर्षी एकाच तारखेपुढे किती नावे आली हेही त्यातूनच कळते. बुटीबोरी परिसराचा दिनविशेष करू पाहणाऱ्याने पहिली खेप तहसीलच्या अभिलेख कक्षात घालावी, आणि जाताना मोडी वाचणारा कोणी सोबत असला तर उत्तम.