शाळा बंद असताना : प्राथमिक शाळेचा घराशी संवाद

साथीचे रोग, महापूर, भूकंप किंवा दंगली अशा आपत्तींत शासनाचा पहिला निर्णय बहुधा शाळा बंद ठेवण्याचा असतो. काही दिवसांची सुट्टी मुलांना सुखावते. पण दिवसांचे आठवडे आणि आठवड्यांचे महिने झाले, की शाळा व घर यांतील दैनंदिन दुवा तुटू लागतो. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी स्वतः पुस्तक उघडू शकतो, शिक्षकांशी स्वतः बोलू शकतो. पहिली-दुसरीतील मुलाचे तसे नसते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आई-वडील, आजी-आजोबा किंवा मोठे भावंड यांच्यामधूनच जातो. त्यामुळे प्राथमिक शाळा दीर्घकाळ बंद राहते तेव्हा प्रश्न केवळ अध्यापनाचा नसतो, कुटुंबाशी संवाद कसा टिकवायचा हा असतो.

शिकागोचा आकाशवाणी वर्ग

या प्रश्नाला दूरसंचाराच्या साहाय्याने उत्तर शोधण्याचा एक जुना व बोलका प्रयत्न अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. सप्टेंबर १९३७ मध्ये तेथे पोलिओची साथ पसरल्याने शाळा उघडणे सुमारे तीन आठवडे लांबणीवर पडले. तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांसाठी शहरातील रेडिओ केंद्रांनी आपला वेळ दिला. पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित होऊ लागले आणि त्यांचे वेळापत्रक व प्रश्न दैनिकांत छापून येऊ लागले. पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीचीही सोय करण्यात आली. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक दूरध्वनी आल्याने तेथे आणखी शिक्षक नेमावे लागले.

या प्रयोगाच्या दोन मर्यादाही तेव्हाच दिसून आल्या. ज्या घरी रेडिओ नव्हता किंवा प्रक्षेपण नीट ऐकू येत नव्हते, तेथील मुले मागे पडली आणि पहिली-दुसरीच्या मुलांना तर या योजनेत स्थानच नव्हते. पाठ आकाशमार्गे पाठविता येतो. समोरच्या मुलाला तो समजला की नाही, हे मात्र कुणीतरी विचारावे लागते.

महाराष्ट्रातील दीर्घ टाळेबंदी

आपल्याकडे या प्रश्नाची खरी कसोटी कोविड-१९ च्या साथीत लागली. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. वरचे वर्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाले. मात्र ग्रामीण भागातील पहिली ते चौथी आणि शहरांतील पहिली ते सातवीचे वर्ग उघडण्यास शासनाची अनुमती १ डिसेंबर २०२१ पासून मिळाली. मुंबई व पुण्यातील मुलांना त्यानंतरही सुमारे दोन आठवडे थांबावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये रुग्णसंख्या वाढल्याने शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या. याचा अर्थ असा, की जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या असंख्य मुलांनी आपला वर्ग प्रथम पाहिला, तेव्हा ती दुसरीचे अर्धे वर्ष संपवून बसली होती. त्यांच्यापैकी अनेकांना शिक्षकांचा चेहरा ठाऊक होता तो मोबाइलच्या पडद्यावरचा, आणि काहींना तोही नाही.

साधने अनेक, पोहोच असमान

या काळात सर्वाधिक वापर झाला तो व्हॉट्सअॅप गटांचा. गृहपाठाचे छायाचित्र सकाळी पाठवायचे आणि सोडविलेल्या पानाचे छायाचित्र संध्याकाळी मागवायचे, ही रीत शहरांत घरोघरी परिचित झाली. पण मोबाइल एकच आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, अशी स्थिती असंख्य घरांत होती. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. तरीही सप्टेंबर २०२० मधील पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. याउलट, चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके मात्र ८० टक्क्यांहून अधिक मुलांकडे होती आणि सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरातील कुणाची तरी अभ्यासात मदत होत होती. यंत्र घरात असणे आणि शाळा घरात पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते, त्यांच्यासाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका दाखविण्यात आली. घरातील साध्या वस्तू व माणसे यांच्या साहाय्याने मुलांनी शिकावे, अशी तिची रचना होती. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच पाठ रंगविले; मुले अंतर राखून गल्लीत उभी राहत आणि वाचत. पालघर जिल्ह्यातील आदिवासी भागात एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविणारी ‘बोलकी शाळा’ भरविली. अनेक गावांत शिक्षक ओट्यावर, मंदिराच्या सभामंडपात वा झाडाखाली चार-पाच मुलांना एकत्र बसवून शिकवीत. याच शिक्षकांवर साथीच्या सर्वेक्षणाचे कामही होते, हे विसरता येणार नाही.

धान्यवाटपाचा दिवस

शाळा व घर यांना जोडणारा आणखी एक दुवा होता, ज्याची गणना शिक्षणात सहसा होत नाही. शाळा बंद झाल्यावर मुलांच्या पोषण आहाराचे काय, या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली. पुढे शिजविलेल्या अन्नाऐवजी तांदूळ व कडधान्ये पालकांच्या हाती देण्याची व्यवस्था झाली. त्या निमित्ताने पालक शाळेच्या दारी येत. जेथे शिक्षकांनी पिशवी देताना मुलाची चौकशी केली, वहीवर नजर टाकली, पुढील अभ्यासाचे कागद सोबत दिले, तेथे तो दिवस पालकसभेचाच झाला. जेथे केवळ सही घेऊन पिशवी देण्यात आली, तेथे ती संधी वाया गेली.

चौकशी आधी, गृहपाठ नंतर

एकंदर अनुभवाचे सार असे, की संवाद टिकतो तो दुहेरी असल्यास. केंद्र शासनाच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांतही पूर्वप्राथमिक स्तरासाठी दिवसाला जास्तीत जास्त अर्धा तास, तोही पालकांशी बोलण्यासाठी व त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी सुचविला होता. लहान वयात पालक हाच शाळेचा खरा सहकारी आहे, ही त्यामागची भूमिका होती. ज्या पालकाचे काम सुटले आहे किंवा घरी आजारपण आहे, त्याला गृहपाठाची आठवण करून देणारा निरोप ओझ्यासारखा वाटतो. ‘घरी सर्व ठीक आहे ना?’ या प्रश्नाने सुरू होणारा दूरध्वनी मात्र तो पुन्हा उचलतो. स्थलांतर करून गेलेल्या कुटुंबांचा माग लागला, तो प्रायः अशाच फोनमुळे.

दुरावा वाढल्याची किंमत पुढे दिसली. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले.

अशी वेळ पुन्हा येणार नाही, असे कुणी सांगू शकत नाही. पूर किंवा स्थानिक साथ यांमुळे एखाद्या भागातील शाळा बंद होणे तर नेहमीचेच आहे. त्याची तयारी खर्चीक नाही. प्रत्येक जूनमध्ये पालकांचे चालू दूरध्वनी क्रमांक, सोबत शेजाऱ्याचा वा नातेवाइकाचा क्रमांक आणि मूळ गावाचा पत्ता नोंदवून घ्यावा. कोणाच्या घरी कोणते साधन आहे आणि ते मुलाच्या हाती किती वाजता येते, याची माहिती असावी. प्रत्येक शिक्षकाकडे ठराविक कुटुंबे सोपवून आठवड्यातून एकदा बोलण्याचा नेम ठेवावा आणि ज्यांच्याशी दोन आठवडे संपर्क झाला नाही, त्यांच्या घरी कुणीतरी जाऊन यावे. मुलांनी पाठविलेल्या प्रत्येक पानाला, चार शब्दांचे का होईना, उत्तर मिळावे. ही घडी शाळा सुरू असतानाच बसवावी लागते, कारण कुलूप लागल्यानंतर नवे क्रमांक शोधत बसण्यास अवधी मिळत नाही.