कुलाबा ते अलिबाग: चुंबकीय नोंदींची साखळी
कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत १८२६ मध्ये उभारली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली. २ सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात हे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद इथल्या वहीत आहे. पुढे विजेच्या ट्राममुळे मोजमापे बिघडणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथील बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळून पोरबंदरी दगड वापरला गेला. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालली, त्यामुळे नोंदींची साखळी अखंड राहिली. १८५९ चे आकडे एकविसाव्या शतकात त्या वादळाची तीव्रता ठरवताना उपयोगी पडले.