नगरी घरातली बाग

नगर शहर वसण्याआधी तिथे बाग होती. 1490 च्या मे महिन्यात निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदनं भिंगारजवळ बहमनी सरदार जहांगीर खानाला हरवलं आणि विजयाच्या जागी बाग लावून राहायला महाल बांधला. त्याचं नाव बाग निजाम. शहराची पायाभरणी त्यानंतरची, 1494 ची. पुढे त्याच बागेच्या परिसरात किल्ला उभा राहिला आणि हुसेन निजामशहानं सोळाव्या शतकाच्या मध्यावर तो दगडात बांधून घेतला. राजानं आधी झाडांत घर केलं आणि मग शहर आखलं, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. घरातच हिरवी, उजेडाची जागा राखून तिथे रोजचं जगणं मांडायची नगरी रीत किती जुनी आहे, ते त्यावरून कळतं.

युरोपात याच हौसेतून काचघर जन्माला आलं. थंडीत संत्र्या-लिंबाची झाडं मरू नयेत म्हणून श्रीमंतांनी बंदिस्त, मोठ्या खिडक्यांच्या खोल्या बांधल्या. इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला, 1851 मध्ये लंडनला पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, आणि मध्यमवर्गीय घरांनाही काचेची खोली परवडू लागली. झाडांसाठी केलेल्या त्या खोलीत हळूहळू खुर्च्या आल्या, चहाचं टेबल आलं, माणसं बसू लागली. तिथली गरज ऊब साठवायची होती. नगरची गरज नेमकी उलटी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, वर्षाचा पाऊस जेमतेम 550 ते 600 मिलिमीटर, हवा कोरडी. इथे झाडांत राहायचं तर सावली आणि पाणी लागतं.

याचा सर्वांत भव्य पुरावा म्हणजे फराहबाग. भिंगारच्या बाजूला, आजच्या रणगाडा संग्रहालयाजवळ त्याचे अवशेष उभे आहेत. या महालाची पहिली बांधणी मुर्तझा निजामशहाला आवडली नाही, म्हणून ती पाडून पुन्हा काम काढलं गेलं. शेवटी 1583 मध्ये त्याचा मंत्री सलाबत खान याच्या देखरेखीखाली ते पुरं झालं. मोठ्या तलावाच्या मधोमध महाल, आत घुमटाखाली उंच दालन, चारी बाजूंना तितक्याच उंच कमानी आणि तलावाभोवती बाग. आज तलाव कोरडा दिसतो, कमानींचा गिलावा झडला आहे. तरी मधल्या दालनात उभं राहिलं की रचनेमागचा विचार ध्यानात येतो. वारा कुठूनही आला तरी आधी पाण्यावरून फिरणार, मग कमानीतून आत शिरणार, आणि तापलेली हवा वर घुमटाकडे चढणार. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं आणि गारवा जास्त मिळतो, हे कोरड्या मुलखातल्या बांधणाऱ्यांना अनुभवानं पक्कं ठाऊक होतं.

हा महाल केवळ मिरवण्यासाठी नव्हता. मुर्तझा दरबार सोडून इथे येऊन राहत असे आणि दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर तासन्‌तास बुद्धिबळ खेळत असे. त्या गवयाला तो फतेहशाह म्हणे. त्याच्यासाठी त्यानं बागेतच वेगळा लकड महालही बांधला. राज्यकारभाराच्या दृष्टीनं हे बरं नव्हतं. पण राहत्या जागेच्या कुळकथेत या बुद्धिबळाच्या पटाला मानाचं स्थान आहे. जिथे माणूस वेळेचं भान विसरून बसतो, ती जागा त्याची खरी बैठकीची खोली.

या साऱ्याला पाणी कुठून येई? शहराभोवतीच्या गावांतून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, जमिनीखालून खापरी नळ आणले होते. उतारानं वाहत येणारं पाणी हौदांत पडे. निजामशाहीचं खरं वैभव मला तरी घुमटांपेक्षा या मातीच्या नळांत दिसतं. ते नसते तर बागाही नसत्या.

राजाकडचं सगळं सामान्यांच्या घरी येत नाही. वाड्यात तलाव मावणार नव्हता, पण चौक मावला. नगर जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांचं पोट म्हणजे हा चौक. वर आभाळ मोकळं, खाली दगडी फरसबंदी, मधे तुळशी वृंदावन, कडेला एखादा पारिजातक किंवा जाईचा वेल, न्हाणीजवळ पाण्याची दगडी डोण. चौकाभोवती लाकडी खांबांची ओसरी, आणि घराचा सारा दिवस या दोन्हींच्या उंबरठ्यावर जाई. सकाळी सडा, मग भाजी निवडणं, धान्य पाखडणं, उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण, हिवाळ्यात म्हाताऱ्यांनी ऊन खात बसणं, संध्याकाळी परवचा. रात्री फरशी आपली उष्णता मोकळ्या आभाळाला देऊन टाकते आणि गार, जड हवा चौकात साचून राहते. म्हणून सकाळी दहा-अकरापर्यंत ओसरीवर बरं वाटतं. दुपारी दारं लोटून माजघरात जायचं आणि ऊन कललं की पाणी शिंपून पुन्हा बाहेर यायचं. कोकणात हे जमलं नसतं, तिथला पाऊस उघड्या चौकात मावत नाही. पर्जन्यछायेतल्या नगरला मात्र ते शोभून दिसलं.

गरिबाच्या धाब्याच्या घरात चौकही नसे. तिथे लाकडी तुळयांवरच्या जाड मातीच्या माळवदाला एक साणं ठेवत. त्या चौकोनातून उजेडाचा एक खांब घरात उतरे आणि चुलीचा धूर वर जाई. झाडं अंगणात, माणसं पडवीत.

1803 साली इंग्रज सेनापती वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला, भिंगारला छावणी बसली आणि बंगल्यांचे व्हरांडे आले. काच मात्र बराच काळ महागच राहिली. देशी काचेसाठी महाराष्ट्रात पैसा पैसा गोळा करावा लागला, त्यातून 1908 साली तळेगावचा पैसा फंड काच कारखाना निघाला. त्याच तळेगावात आज शेतकरी हरितगृहातल्या फुलशेतीचं शिक्षण घ्यायला जातात, याचा मला विलक्षण आनंद वाटतो.

ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसचे नेते नगरच्या किल्ल्यात डांबले गेले. पंडित नेहरूंनी तिथल्या आवारात वाफे खणायला घेतले. माती वाईट, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या अवशेषांनी भरलेली, अशी नोंद त्यांनी तिथेच 1944 मध्ये लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त केली आहे. मौलाना आझादांनी आपल्या कोठडीत घर करणाऱ्या चिमण्यांवर ‘गुबार-ए-खातिर’मध्ये लिहिलं. बाग निजामच्या मुलखात साडेचार शतकांनी पुन्हा कुणीतरी राहत्या जागेपुढे फुलं लावत होतं, तेही कैदेत.

आज सावेडीत, केडगावात नवी घरं उठतात आणि चौक आक्रसून जिन्यालगतचा झरोका झाला आहे. त्यावर पारदर्शक पत्रा, खाली चार कुंड्या, एक झोपाळा. कल्पना अगदी योग्य. चुकतं ते एकाच ठिकाणी: पत्रा भिंतीला घट्ट बसवतात. ऊन आत येतं, तापलेल्या हवेला वाट सापडत नाही आणि मे महिन्यात झाडं करपतात, माणसंही तिथून उठतात. बाल्कनीला सरकत्या काचा लावून पश्चिमेचं ऊन कोंडून घेतलं तरी तेच होतं. उपाय जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला माहीत आहे. ढोबळी मिरचीवर तो शेडनेट ताणतो, ऊन गाळतो आणि हवा खेळती ठेवतो; पॉलिहाऊसमध्येही वरची झडप उघडी ठेवतो. घरातही पत्रा भिंतीपासून हात-दीड हात वर उचलावा, चारी बाजूंना जाळी किंवा तिरप्या पट्ट्या बसवाव्यात, फेब्रुवारी सरता सरता त्यावर हिरवी जाळी ओढावी आणि पाऊस सुरू झाला की काढून ठेवावी. खाली पाण्याचं एक पसरट भांडं असावं. एवढं केलं तर त्या झोपाळ्यावर सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण, दोन्ही बारा महिने होऊ शकतं.