वारा आधी कुणाला?

किल्ला कुणी बांधला, वाडा कुणी बांधला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. गावकूस बांधताना आम्हाला बाहेर कुणी ठेवलं, ते त्यात नसतं. म्हणून दोस्तहो, मी भिंतीचा इतिहास मांडतोय.

आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. कित्येक गावांत महारवाडा पूर्वेला. म्हणजे वारा आधी गावाला, मग आम्हाला. नदीचंही तेच. वरचा पाणवठा त्यांचा, खालचा आमचा. गाव बांधणाऱ्याला निसर्ग चांगला कळत होता. वाटणी मात्र त्यानं जातीनं केली. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत. नगरपालिकेनं 1924 ला तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथं जावं लागलं. हायकोर्टाचा निकाल आला 1937 ला. एका ओंजळीला दहा वर्षं!

गाव सोडून आपली माणसं मुंबईला आली. भिंत गिरणीतही होतीच. सूतखात्यात घेत, विणाईखात्यात नाय. का? तर कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे. आपले ओठ लागले की धोटा बाटला! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला.

आता घरं बघा. 1896 ला प्लेग आला. कोंदट खोल्यांत कामगार किड्यामुंगीसारखा मेला. 1898 ला सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्ती फोडून समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडले. वारा आला खरा, पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यातली कैक माणसं दुसऱ्या गर्दीत जाऊन कोंबली गेली.

मग 1920 ला डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट आलं. कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर लावून चाळी बांधल्या. ठरवल्या होत्या 50,000 खोल्या, झाल्या 16,000 च्या वर. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. एका मजल्यावर 20 खोल्या, खोली 160 चौरस फूट. वरळीच्या चाळी इतक्या ओस पडल्या, की 1930 ला त्यात सत्याग्रही कोंडले. घराचा तुरुंग करायला नकाशा बदलावा लागला नाय, यातच सगळं आलं.

पुढं त्या भरल्या, आणि गावकूस इमारतीइमारतीच्या मधून उगवलं. ही इमारत त्यांची, ती आपली. 5 जानेवारी 1974 ला पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली, ती याच रेषेवर. 10 जानेवारीला मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव शहीद झाला.

पण बांधणाऱ्याचं सगळंच चालत नाय. परळला ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. ज्या चाळी कामगार गिरणीजवळ हाताशी असावा म्हणून बांधल्या, त्यातच वाचनालयं निघाली, जलसे झाले, जयंतीच्या वर्गण्या निघाल्या. 160 फुटांत माणूस मावत नाय, म्हणून तो बाहेर आला, चार माणसांत बसला, बोलायला लागला. आणि बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. गावकुसाबाहेरच्या माणसानं बांधलेल्या घराचा पहिला मानकरी पुस्तक!

आज चाळी पडतायत, टॉवर उठतायत. 2025 ला वरळीत पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या मिळाल्या, 500 चौरस फुटांच्या. संडास घरात आला, बाईची रांग संपली. याला नावं ठेवणारा चाळीत राहिलेला नसावा. माझा सवाल वेगळाय. दार लावलं की शेजारी दिसत नाय, तिथं वाचनालय कुठं? विहार कुठं? पोरं बसून वाद घालतील तो जिना कुठं? आणि शेजारचा विक्रीचा टॉवर समुद्राच्या बाजूला उभा राहिला, तर वारा आधी कुणाला?

म्हणून किल्ली घेताना नकाशाही मागा. तो नीट वाचा. आपल्याला कुठं ठेवलंय ते त्यातच लिहिलेलं असतं.