नर्मदाकाठचे शिपाई आणि बर्फातली शाळा



जबलपूर म्हटलं की बहुतेक मराठी घरांत भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांचा फोटो आठवतो. नावेत बसलेले आजी-आजोबा आणि मागे पांढरे खडक. मी याच शहरात राहतो. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ४०० मीटर. मे महिन्यात पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो, आणि तेव्हा बर्फ दिसतो तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर. कडा म्हणावा तर मदनमहालच्या टेकडीवरचे ग्रॅनाइटचे धोंडे. त्यातला एक दुसऱ्यावर असा टेकलाय की आता पडेल असं वाटतं, पण १९९७च्या भूकंपातही तो पडला नाही.

अशा या गावाचा हिमालयाशी काय संबंध? पुष्कळ आहे. कारगिलच्या लढाईत चार जणांना परमवीरचक्र मिळालं. त्यातले कॅप्टन विक्रम बत्रा आणि रायफलमन संजय कुमार १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे, तर योगेंद्रसिंह यादव १८ ग्रेनेडियर्सचे. या दोन्ही रेजिमेंटची केंद्रं जबलपूरच्या छावणीत आहेत. चौथे मनोजकुमार पांडे गोरखा रायफल्सचे. म्हणजे चारातले तीन जण आमच्या गावाशी बांधलेले. इथं पहाटे फिरायला गेलं की डोक्याला बारीक कात्री लावलेली, घामानं निथळणारी पोरं रांगेत धावताना दिसतात. यातली काही वर्षभरात लडाखला पोचतील, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

पण एक गैरसमज आधीच दूर करतो. रेजिमेंटचं केंद्र शिपाई घडवतं, गिर्यारोहक घडवत नाही. डोंगरावर लढण्याची विद्या ही वेगळी आणि वरच्या इयत्तेची गोष्ट आहे. ती आपल्या सैन्याला कुणी आयती दिलेली नाही. तिचे बरेचसे धडे हाल सोसून शिकलेले आहेत.

सुरुवात करू जोरावरसिंहापासून. जम्मू-काश्मीर रायफल्स आपली परंपरा ज्या डोगरा फौजेशी जोडते, तिचा हा सेनापती. १८३४ साली त्यानं किश्तवाडकडून डोंगर ओलांडून लडाख घेतलं, पुढे बाल्टिस्तान घेतलं आणि १८४१मध्ये थेट पश्चिम तिबेटात शिरून मानसरोवरापर्यंत धडक मारली. तिथं हिवाळ्यानं त्याला गाठलं. शिपायांची बोटं थंडीनं झडली. ऊब मिळावी म्हणून त्यांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. डिसेंबरात जोरावरसिंह लढताना पडला आणि फौज संपली. शौर्यात कुठं कमी नव्हतं, पण तिबेटातल्या हिवाळ्यात फौज कशी जगवायची याची तयारी नव्हती.

दुसरा धडा १९४८चा. जनरल थिमय्यांनी झोजिलावर, साडेतीन हजार मीटर उंचीवर, रणगाडे चढवले ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. त्याच साली त्यांनी आणखी एक काम केलं, ज्याची चर्चा कमी होते. गुलमर्गला त्यांच्या १९व्या डिव्हिजनची स्कीइंगची शाळा सुरू झाली. एप्रिल १९६२मध्ये तिला पूर्ण प्रशिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला आणि तिचं नाव झालं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, सैनिकांच्या तोंडी ‘हॉज’.

तारीख लक्षात घ्या. एप्रिल १९६२. त्याच ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं. नामका चू नदीवर ७ ब्रिगेड होती आणि तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी. त्यांचे जवान सुती उन्हाळी गणवेशात बर्फाला तोंड देत होते. त्या ब्रिगेडमध्ये ४ ग्रेनेडियर्सही होती. दळवी कैद झाले, सुटून आल्यावर त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिलं. शाळा काढली म्हणजे सैन्य शिकलं असं होत नाही, हे त्या पुस्तकाच्या पानापानांतून कळतं. माझ्या मते आपल्या लष्करी इतिहासावरचं ते सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे. थोडं रागावलेलं आहे, पण त्यांना रागावायचा हक्क होता.

आता ही वरची इयत्ता म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. दार्जिलिंगची संस्था १९५४ची, उत्तरकाशीची १९६५ची. पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं तिथं जातात. प्राथमिक अभ्यासक्रमात दुसऱ्यानं लावलेल्या दोराला धरून चढायला शिकवतात. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या अभ्यासक्रमाचं दार उघडतं. तिथं दोर स्वतः लावायचा असतो. वाट निवडायची, बर्फाचा कोणता थर सरकेल याचा अंदाज घ्यायचा, भेगेत पडलेल्याला बाहेर काढायचं, आणि आपल्यामागून येणाऱ्यांचा जीव आपल्या खिळ्यावर आहे हे मानून खिळा ठोकायचा. सैन्यातही क्रम हाच, आधी प्राथमिक, मग प्रगत. फक्त पाठीवर शस्त्र असतं आणि चढाई रात्रीची.

आणि हे शिक्षण जोखमीचं असतं, अनुभवी लोकांसाठीसुद्धा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमप्रपात झाला. उत्तरकाशीच्या संस्थेची प्रगत तुकडीच त्यात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरं १६ दिवसांत सर केली होती.

हॉजच्या इतिहासातला माझा आवडता माणूस म्हणजे कर्नल नरेंद्र कुमार, टोपणनाव ‘बुल’. १९६१मध्ये नीलकंठ शिखरावर हिमदंशानं त्यांच्या पायाची चार बोटं गेली. तरीही पुढे ते हॉजचे प्रमुख झाले. एका जर्मन गिर्यारोहकाकडच्या नकाशात सियाचिन पाकिस्तानच्या बाजूला दाखवलेलं त्यांनी पाहिलं. १९७८ साली शाळेच्या प्रशिक्षणार्थींना घेऊन ते सरळ सियाचिनवर गेले. कागदावर तो अभ्यासक्रमाचा प्रात्यक्षिक भाग होता! १३ एप्रिल १९८४ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं, तेव्हा त्या हिमनदीची माहिती आपल्याकडे होती ती अशा वाटचालीतून आलेली.

आता १९९९. उंचीवर जाताना सैन्याचा नियम असा : ९ हजार ते १२ हजार फुटांदरम्यान सहा दिवस, मग १५ हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्यावर आणखी चार. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, हुकूम देऊन तो कमी होत नाही. मे महिन्यात घाई इतकी होती की पलटणींना तो पुरेसा मिळाला नाही. काश्मीर खोऱ्यातून आलेली १८ ग्रेनेडियर्स तोलोलिंगच्या उघड्या उतारावरून चढत राहिली आणि वरून गोळ्या झेलत राहिली. ३० मेला मेजर राजेश अधिकारी गेले, नंतर उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल विश्वनाथन गेले. अखेर १३ जूनला २ राजपुताना रायफल्सनं ते शिखर घेतलं.

तीच पलटण ३ जुलैच्या रात्री टायगर हिलकडे निघाली, तेव्हा रीत बदललेली होती. घातक तुकडीनं निवडला तो उभा कडा, जिथून कुणी येईल अशी शत्रूला अपेक्षाच नव्हती. योगेंद्रसिंहांनी पुढे चढून दोर लावायचं काम स्वतःहून मागून घेतलं. वय १९. निम्म्या वाटेत वरच्या बंकरमधून मारा सुरू झाला. मांडीच्या सांध्यात आणि खांद्यात गोळ्या लागूनही त्यांनी उरलेले ६० फूट चढून पहिला बंकर निकामी केला. त्यामुळे मागच्यांना वर येता आलं.

बत्रांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. डेहराडूनहून अधिकारी झाल्यावर १९९७च्या डिसेंबरात ते आमच्या जबलपूरला आले, मग महूला, आणि १९९९च्या जानेवारीत कमांडो अभ्यासक्रमासाठी आपल्या बेळगावला. तिथं त्यांना प्रशिक्षकाची श्रेणी मिळाली. सहा महिन्यांच्या आत, २० जूनला, त्यांनी पॉइंट ५१४० घेतला. ७ जुलैला पॉइंट ४८७५वर ते पडले.

योगेंद्रसिंहांचं परमवीरचक्र सुरुवातीला मरणोत्तर जाहीर झालं होतं. त्याच पलटणीतला त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता, त्यातून हा घोळ. आपले योगेंद्रसिंह तेव्हा रुग्णालयात उपचार घेत होते. २०२१च्या अखेरीस ते मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले.